अनवाणी मुराळी

माझ्या बहिणीच्या सासूला आमच्या घरात 'निरवांगीची कैदाशीण' म्हणत. आई म्हणायची, वहिनी म्हणायची, पुढं माझी बायको आली तीही चार दिवसांत म्हणायला शिकली. पोरीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी धाडलं नाही, न्यायला आलेल्या भावाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, जनावरासारखं बांधावर ठेवलं आणि तो निघाल्यावर त्याची बसायची जागा जाळून टाकली, असे तिच्यावरचे आरोप. यातला शब्द न् शब्द खरा आहे. तो भाऊ मी. आरोप पुरवणाराही मीच. फक्त तिनं हे का केलं तेवढं मी वीसएक वर्षं कुणाला सांगितलं नाही. मोजकं बोलणारा माणूस म्हणून गावात माझी चांगली ख्याती आहे.

ही पन्नास सालानंतरच्या दहा वर्षांतली गोष्ट. आम्ही कोऱ्हाळे बुद्रुकचे. कालव्याच्या पाण्यावरची जमीन, थोडा ऊस, बाकी वांगी आणि गवार. वडील नव्हते. कारभार आईच्या हातात होता आणि कष्ट थोरल्या भावाच्या. मी फायनल पास होऊन मास्तरकीच्या हुकमाची वाट बघत होतो, म्हणजे काहीही करत नव्हतो. त्या परीक्षेत आरोग्याच्या पेपरात एक प्रश्न आला होता, सांसर्गिक रोगाचा फैलाव कसा थांबवाल? मी पानभर उत्तर लिहिलं होतं. रोग्याला वेगळं ठेवावं. त्याची कापडं उकळावीत नाहीतर जाळावीत. आणि जे त्याच्या सहवासात राहिले पण अजून धडधाकट दिसतात, त्यांनाही काही दिवस इतरांत मिसळू देऊ नये, कारण रोग अंगात शिरला तरी लगेच दिसत नाही. या शेवटच्या वाक्याखाली मी पट्टी लावून रेघ मारली होती. मार्क चांगले पडले आणि त्या वाक्याशी माझा संबंध तिथं संपला.

चैत्रात भावाच्या पोराला ताप आला. पोरगा चारएक वर्षांचा. दोन-तीन दिवस फणफणला, मग कपाळावर आणि हातांवर पुरळ उठलं. आईनं कंदील जवळ धरून बघितलं, दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि नातवाच्या पाया पडली. घरात देवी आल्या होत्या.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आजार आला असता तर आम्ही घाबरलो असतो, कुठंतरी दवाखाना शोधला असता. पण ही पाहुणी होती, आणि पाहुणीला कुणी वेगळ्या खोलीत कोंडत नाही. तिला सोप्यात मधोमध जागा दिली. दाराला लिंबाचे डहाळे बांधले. तो हिरवा डहाळा दिसला की गल्लीनं लांब राहावं, असा कुणाचा समज असेल तर तो आमच्या गल्लीत राहिलेला नाही. डहाळा दिसला की बायका न्हाऊन, ओलेत्यानं, घागर घेऊन दर्शनाला येत.

आमचा एक शेजारी रोज आमची कुदळ मागायला यायचा. त्या दिवसांत तो कुदळ मागेना. देवीच्या घरातली वस्तू बाहेर नेऊ नये म्हणतात. त्याची बायको मात्र दोन्ही पोरं घेऊन यायची, त्यांची डोकी पुतण्याच्या पायांवर टेकवायची आणि त्याच्या उशालगतचा दहीभात प्रसाद म्हणून पोरांच्या तोंडात घालायची. कुदळीपासून ते घर वाचलं.

साथ दिसली की तालुक्याला वर्दी द्यायची, म्हणजे टोचणारा येतो, हे काम गावच्या पाटलांचं. पाटील आले. वहाणा पार रस्त्यावर काढल्या, नारळ ठेवला, पुतण्यासमोर लोटांगण घातलं. पुढं तालुक्याचा माणूस गावात आला तेव्हा त्यांनी त्याला चहा पाजून गावात काही आजार नाही असं सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. आजार नव्हताच. आणि देवी आल्याची वर्दी बारामतीला द्यायची म्हणजे देवींच्याच नावानं फिर्याद दिल्यासारखंच की.

नेम मात्र आम्ही कडक पाळले. चुलीवर कढई चढली नाही. फोडणी बंद, तळण बंद. बायकांनी केस विंचरले नाहीत, पुरुषांनी दाढी केली नाही. पायांत वहाणा नाहीत, झोपायला बाज नाही. आणि देवी घरात आहेत तोवर घरच्या माणसानं गाव सोडायचं नाही. हा शेवटचा नेम ज्यांनी कुणी घातला असेल त्यांचं डोकं ठिकाणावर असणार. आमच्या घरात मोडला तो तेवढाच.

कारण धाकटी बहीण. तिला आदल्या साली निरवांगीला दिली होती आणि तिला सातवा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यासाठी लेकीला आणायला भावानं जायचं, त्याला मुराळी म्हणतात. आठवा लागला की गरवार बाईला गाव बदलू देत नाहीत. म्हणजे आता नाही आणली तर ती सासरीच बाळंत होणार आणि आमच्या घराची छी-थू होणार. लग्नात मानपानावरून दोन्हीकडं तोंडं वाकडी झालेली होतीच.

आता मला काय माहीत होतं ते सांगतो. बहीण लहान असताना टोचणारा गावात आला की आई तिला रिकाम्या कणगीत उभी करून वर सूप झाकायची. पोरीच्या दंडावर चट्टा नको, उद्या बघायला येणाऱ्यांना काय सांगायचं? माझ्या दंडावर शाळेत टोचल्याचे वण आहेत. तिचा दंड कोरा होता. त्यात तिला सातवा महिना. रेघ मारलेलं वाक्यही मला पाठ होतं. ही दोन शेजारी शेजारी ठेवून बघायला फार अक्कल लागत नव्हती, आणि जी लागत होती तेवढी माझ्याकडं होती.

मी आईला म्हणालो, पुस्तकात असं दिलंय की ज्या घरात...

"तुला काय झालंय?" आई म्हणाली. "धडधाकट तर हायस. आन लेक घरी आली की देवीआईंची ओटी भरंल. बाळंतपणाला ह्याच्यापरीस चांगला मुहूर्त असतो का?"

आई अडाणी होती. तिचा त्यावर खरोखर विश्वास होता. माझा नव्हता. पण मी उत्तर गिळलं, आणि त्याचं कारण आईचा धाक हे नव्हे. मला जायचं होतं. मुराळ्याचा मान असतो. पायांवर पाणी, गोडाचं जेवण, निघताना नवा टॉवेल आणि टोपी. आठ-दहा दिवस लिंबाच्या वासात बसून मी कंटाळलो होतो. आणि बहिणीची आठवण येत होती, हे त्यातल्या त्यात बरं कारण.

आईनं गाव सोडायचा नेम माझ्यापुरता सैल केला आणि त्याची भरपाई म्हणून बाकीचे सगळे माझ्याबरोबर बांधून दिले. जाशील तिथं दाढी करायची नाही, तळलेलं खायचं नाही, बाजेवर निजायचं नाही, पायांत वहाण घालायची नाही. मी शब्द दिला. वहाणा पिशवीत घातल्या.

आमची वांगी उचलणारे बारामतीचे एक बागवान होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्या ट्रकमध्ये वांग्यांच्या पाट्यांवर बसून मी बारामतीला आलो. उतरताना त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं.

"मास्तर, बहिणीच्या सासरी चाललाय का बैराग्यांच्या जमातीत?"

नवस आहे, म्हणालो. त्यांनी पुढं विचारलं नाही. स्टँडवर चहा सांगितला, भजी सांगितली. भजी मी नको म्हणालो. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. बारामतीच्या स्टँडवरची भजी नाकारणारा तरुण माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. मी इंदापूरच्या गाडीत बसलो, फाट्यावर उतरलो आणि निरवांगीपर्यंत चालत गेलो. चैत्रातलं ऊन. वहाणा पिशवीत पाठीवर आपटत होत्या. तळपायांना फोड आले तेव्हा मला आपण फार पुण्यवान असल्यासारखं वाटलं.

त्यांचं घर मळ्यातच होतं. पुढं मेथी, मागं पेरूची बाग, पलीकडच्या बांधावर उसाच्या पाचटाची एक खोप. दाजी माल घेऊन इंदापूरच्या बाजाराला गेले होते. सासू अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. तिच्या सगळ्या तोंडावर देवीचे वण होते आणि डावा डोळा पांढरा. लग्नात आमच्याकडच्या पोरांनी त्या डोळ्यावरून चेष्टा केली होती. त्यात मीही होतो.

मला बघून बहीण दारात आली. हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा. पाहुणा आला की तुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, मग आत घ्यायचं. तिचं पोट केवढं तरी दिसत होतं. ती हसत पायरी उतरायला लागली.

म्हातारीनं माझ्या पायांकडं बघितलं.

"सूनबाई, तू आत जा," ती म्हणाली. "मी हाक मारल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाय."

बहीण गोंधळली, पण आत गेली. म्हातारीनं जुडी बांधायचं काम थांबवलं नाही.

"पावणं, वहाणा कुठं?"

मी पिशवीकडं बोट केलं.

"पिशवीला घातल्यात व्हय. पिशवीचं पाय पोळत असत्याल." दुसरी जुडी. "आन त्वांड असं का? कोऱ्हाळ्याचा न्हावी मेला का?"

"नवस हाय."

"कुणाचा?"

चाचांनी हे विचारलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, बरं, राहू द्या, उन्हातनं आलाय, कढई ठेवते, दोन भजी तळते.

"तळल्यालं नगं, मावशी. भाकरी चालंल."

जुडी तिच्या हातातून खाली आली. चांगल्या डोळ्यानं ती माझ्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू, आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं, "घरी कोण आलंय?"

कुणी नाही, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. वर्दी लपवणाऱ्या गावात मी वाढलो होतो, टोचणाऱ्याला कणगी रिकामी आहे म्हणून सांगणाऱ्या घरात वाढलो होतो. वाटेत मी नवसाचं खोटं सहज बोललो होतो. पण घरात देवी असताना कुणी आलं नाही म्हणायचं म्हणजे त्यांना नाकारायचं, आणि ते बोलायला माझी जीभ उचलेना. फायनल पास, पुस्तक पाठ, आणि जीभ उचलेना. बहिणीच्या जिवाला मी भ्यालो नव्हतो. देवीला भ्यालो.

म्हातारीला उत्तर मिळालं. आधी तिनं माझ्या दिशेनं हात जोडले. ते मला नव्हते. माझ्या खांद्याच्या वर कुठंतरी बघत ती म्हणाली, "आईंच्या पायाशी माझं डोकं. पर दर्शन लांबनं. मला एक डोळा घिऊन सोडलं. माझ्या थोरल्या लेकीला सोडलं न्हाय. ही सून मी द्यायची न्हाय."

मग माझ्याकडं वळली आणि आवाज चढला. मागं सरा, म्हणाली. आणखी मागं. मेथीत पाय पडला तरी चालेल, मागं.

"पर मला काय झालंय, मावशी? मी बरा हाय."

"बरा हाय म्हणून तर चालत आलाय. आजारी असता तर घरी पडला असता. आजारी माणूस कुणाच्या दारात जातंय? ज्यो बरा असतो त्योच घिऊन फिरतो."

माझं रेघ मारलेलं वाक्य. फक्त तिच्या तोंडी ते शिवीसारखं होतं. तिची समजूत अशी होती की घरातला माणूस नेम मोडून गाव सोडतो तेव्हा देवी त्याच्या पाठोपाठ चालत येतात आणि तो जिथं टेकेल तिथं मुक्काम करतात. मला पुस्तकातलं कारण माहीत होतं, तिला हे. आणि आम्हा दोघांपैकी बहिणीला घराच्या आत ठेवणारी ती होती, बाहेर काढायला आलेला मी.

तिनं मला खोपीत नेऊन बसवलं. नेलं म्हणजे मागून लांबून हाकत नेलं. परत जाऊ का विचारलं तर म्हणाली, आता देवी एस.टी.तल्या लोकांना वाटायच्या हायत का? हितंच ऱ्हावा. सुनेला सांगितलं की भाऊ गेला, तुला धाडायची नाही म्हणून रुसून गेला. खरं सांगितलं असतं तर पोरगी भाच्यासाठी धावली असती, नाहीतर भावासाठी बांधावर आली असती. म्हातारीला दोन्ही नको होतं. संध्याकाळी दाजी इंदापूरहून आले, त्यांना तिनं वाटेतच गाठून सांगितलं आणि माझ्याजवळ जायला बंदी केली. दाजींनी आमच्या घरी निरोप धाडला की पाहुणे मुक्कामाला आहेत. तो ऐकून आई गल्लीभर सांगत फिरली म्हणे, बघा, विहिणीनं माझ्या लेकाला सोडलंच नाही. किती करतायत.

भाकरी म्हातारी स्वतः आणायची. पहिले दिवस बांधावरच्या दगडावर ठेवून लांब व्हायची. मग एका सकाळी मला उठता येईना. अंग तापलेलं, कंबर मोडून पडलेली. त्यानंतर ती सरळ खोपीत येऊन बसायला लागली. तिच्याशी देवींचं बोलणं लहानपणीच होऊन गेलं होतं, तिला परत काही करणार नाहीत, असं ती म्हणायची. मला टोचलेलं असल्यामुळं फोड थोडकेच आले, कोपरावर, पाठीवर. लिंबाच्या पाल्यानं ती वारा घालायची, पाणी पाजायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची.

"पावणं, आता तरी वहाणा घालणार का? का पिशवीलाच घालून परत न्यायच्यात?"

त्या तापात एका दुपारी मला खोपीच्या फटीतून बहीण दिसली. गवताचा भारा आणायला ती बांधाच्या बाजूला येत होती. म्हातारी जवळपास नव्हती. मला तहान लागली होती आणि मडकं रिकामं होतं. एक हाक मारली असती तर ती धावत आली असती, माझं डोकं मांडीवर घेऊन बसली असती. ती इतकी जवळ आली की तिच्या पैंजणांचा आवाज ऐकू आला. मी तोंडात टॉवेल कोंबून पालथा पडलो. ती गवत घेऊन गेली. एवढ्या आयुष्यात गप्प राहून मी कुणाचं भलं केलं असेल तर ते त्या दुपारी. बाकीच्या गप्प राहण्याचा हिशेब पुढं येतोच आहे.

खपल्या पडून अंग कोरं झाल्यावर तिनं मला विहिरीवर न पाठवता तिथंच लिंबाच्या पाण्यानं न्हायला लावलं. माझं धोतर, गोधडी, पिशवी सगळं खोपीत टाकायला लावलं. दाजींचं जुनं धोतर आणि सदरा दगडावर ठेवला. वहाणा तेवढ्या बाहेर काढून माझ्यापुढं ठेवल्या आणि मी घालेपर्यंत उभी राहिली.

मी तिला विचारलं, घरी काय सांगू?

"तुमच्या घरचं तुमी सांगा. मी कशाला आईंच्या आन विहिणीच्या मधी त्वांड घालू? खरं असंल ते सांगा."

वाटेला लागलो तेव्हा मागं धूर दिसला. तिनं खोप पेटवून दिली होती.

कोऱ्हाळ्याला पोचेपर्यंत मी खरं काय ते वाक्यावाक्यानं जुळवून ठेवलं होतं. पण दारात पाय ठेवला तर देवींची बोळवण होऊन गेली होती, पुतण्या वणांचं तोंड घेऊन अंगणात खेळत होता, आणि आठवा लागला तरी आशा न सोडता आई चार बायकांना घेऊन बाळंतिणीची खोली सारवत बसली होती. मी एकटाच दिसल्यावर तिच्या हातातलं पोतेरं थांबलं.

पोरगी कुठं? धाडली नाही. का? मी गप्प. तुला घरात तरी घेतलं का? नाही. मग जेवलास कुठं? बांधावर. निजायला? खोपीत, खाली. आणि निघताना? निघताना खोप जाळली.

एकही उत्तर खोटं नव्हतं. आईनं एवढे प्रश्न विचारले, का म्हणून मात्र एकदाच विचारलं, आणि तेव्हा मी गप्प होतो. पुढचं काम तिनं आणि त्या चार बायकांनी केलं. संध्याकाळपर्यंत निरवांगीची कैदाशीण तयार झाली होती. मला फक्त मान खाली घालून बसायचं होतं. अपमान झालेल्या माणसाला ते शोभूनही दिसतं.

एक अडचण उरली. पुतण्याचे वण. बहीण कधीतरी येणार, बघणार, कधी आल्या विचारणार. तेव्हा चैत्रातली देवी आम्ही उचलून वैशाखात नेली. मुराळ्याला असं वागवलं, त्या अपमानानं घरावर कोप झाला आणि देवी आल्या, असं ठरलं. हे कुणी ठरवलं असं सांगता येत नाही. आईच्या तोंडून एकदा निघालं, वहिनीनं उचललं, मी खोडलं नाही. लोटांगण घालणारे पाटील, दहीभात नेणारी शेजारीण, सगळ्या गल्लीला खरा महिना ठाऊक होता. पण सुनेला छळणाऱ्या सासूपुढं एखाद्या महिन्याचं काय एवढं?

बहीण सासरी बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. म्हातारीनं एकटीनं सगळं केलं असं दाजी सांगत. वर्षानं बहीण मुलीला घेऊन आली तेव्हा आईनं तिला सगळी हकिकत ऐकवली. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी उठून वांग्यांना पाणी धरायला गेलो. त्यानंतर ती वीसएक वर्षं त्या बाईच्या चुलीपुढं बसली, तिच्या हातची भाकरी खाल्ली, आणि तिच्याशी कामापुरतं बोलली. दाजींना सगळं ठाऊक होतं, पण सांगायचं ते मुराळ्यानंच सांगावं अशी म्हातारीनं त्यांना देवीची शपथ घालून ठेवली होती.

मला मास्तरकीचा हुकूम आला. दर वर्षी तो धडा यायचा आणि मी तो फळ्यावर सुरेख अक्षरात लिहायचो. शेवटच्या वाक्याखाली रेघ मारायचो. अलीकडं सरकारनं देवीचा रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस लावलं, तेव्हा तशी पाटी आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवली. रंगाऱ्याला शिडी मीच धरून दिली.

म्हातारी गेल्या साली गेली. दहाव्याला मी निरवांगीला गेलो. नदीवरचे विधी आटोपून सगळे मळ्यात परत आले. बहिणीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बायकांत बसून ती म्हणाली, माझं पहिलं बाळंतपण काय माझ्या माहेरी होऊ दिलं नाही हिनं. मग उठून पलीकडच्या बांधाकडं गेली, गवत पडलं होतं ते उचलायला. मीही मागं गेलो. खोपीच्या जागी आता लिंबोणीचं झाड आहे. तिथं मी तिला सगळं सांगितलं. चैत्र, कणगी, माझी दाढी, भजी, टॉवेल, धूर.

ती ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "तुला कुठं आल्या हुत्या?"

मी कोपर दाखवलं. तिनं हात लावला नाही, वाकून बघितलं.

"भाकरी कोण आणायचं?"

"त्याच."

"आन मी हितं गवताला आले हुते." हे तिनं मला विचारलं नाही. मग हातातलं गवत खाली ठेवलं. "दादा, तू दाढी करून आला असतास तर?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही. मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्यानं तिचा संताप झाला. आता गप बसू नगं, म्हणाली. चल, सगळ्यांत सांग. तिच्या नातीला सांग.

मी सांगितलं. अंगणात जेवायला बसलेली भावकी होती, भाची होती, तिच्यापुढं उभा राहून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग भावकीतल्या एका वयस्क आबांनी मान डोलवली.

"मास्तर, तुमी नेम मोडला न्हाय ना. उनातान्हात अनवाणी आला. म्हणून आईंनी तुमच्या बहिणीला राखली."

व्हय व्हय, असं दोघा-तिघांनी म्हटलं. एकानं माझ्यापुढं पानाचा डबा सरकवला. कुणीतरी माझ्या पायांकडं आदरानं बघितलं. आरोपी म्हणून मी उभा राहिलो होतो आणि भक्त म्हणून खाली बसलो. म्हातारी पुन्हा त्या गोष्टीत कुठंच नव्हती. भाची तेवढी उठून आत गेली आणि आजीच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली.

बहीण दाराजवळच्या वहाणांच्या ढिगातून माझ्या वहाणा शोधून घेऊन आली. माझ्यापुढं ठेवल्या आणि मी घालेपर्यंत उभी राहिली. तेव्हा ती अगदी तिच्या सासूसारखी दिसली.

"आईला सांगितलंस का?" तिनं विचारलं.

न्हाय, म्हणालो.

"मग आज जाऊन सांग."

मी शेवटच्या गाडीनं आलो. आई आता फार थकली आहे आणि तिला ऐकायला कमी येतं. ती दारातच बाजेवर बसली होती, गल्ली जेवणं उरकून ओट्यांवर वाऱ्याला बसली होती. मी तिच्या कानाशी वाकून सुरुवात केली. निरवांगीची ती कैदाशीण नव्हती आई, असं म्हणालो.

"काय म्हणतुस? मोठ्यानं बोल," आई म्हणाली.

मी मोठ्यानं बोललो.